मूठभर तांदळावर चाललेलं मिशन

काही जण म्हणतात की परदेशातल्या मिशनसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कामासाठी, पैसे उभे करणं सुखवस्तू घरांनाच जमतं, बाकीच्यांनी फार तर प्रार्थना करावी. मला हे अजिबात पटत नाही. मिझोरमचं उदाहरण बघा. तिथल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'बुहफाई थाम' चालू आहे. भात टाकण्याआधी घरातली बाई मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढते आणि चर्चच्या वेगळ्या डब्यात टाकते. दर जेवणाला. मग चर्चच्या बायका घरोघर फिरून तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे मिशनला जातात. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसायचा, तेही घर यात मागे राहिलं नाही.

बरं, ही रक्कम किरकोळ नसते, कोट्यवधी रुपये जमतात. १८९७ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्सचे मिशनरी मिझोरममध्ये आले होते. आता मिझो चर्चची माणसं वेल्समध्ये जाऊन काम करतात. एकरकमी देणगी जमत नसेल त्या कुटुंबाने आधी असा डबा ठेवून बघावा, आणि त्यात टाकायचं काम मुलांकडे द्यावं.