अनुभव धागा: थीम पार्कच्या वाटेवरचे संगीत

गेल्या महिन्यात घरातली जुनी कॅमकॉर्डरची कॅसेट संगणकावर उतरवून घेत होते. 2003 साली आम्ही सगळे कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला गेलो होतो, त्या दिवसाचे चित्रण होते. चित्र इतके फिकट झाले आहे की चेहरे ओळखावे लागतात. आवाज मात्र स्वच्छ आहे. बाबा "इकडे बघा, इकडे" म्हणत आहेत आणि त्यांच्या मागे बँजो व पियानोवर एक जुनी, उड्या मारत जाणारी चाल वाजते आहे. शेजारी आई मेथी निवडत बसली होती. पडद्याकडे न बघताच ती म्हणाली, "हे त्या घोड्याच्या ट्रामच्या रस्त्यावरचं."

आईला त्या दिवशीच्या एकाही राइडचे नाव सांगता आले नाही. बावीस वर्षांत तिने ती चाल पुन्हा कधी ऐकलेली नाही, आणि त्या दिवशीही ती मुद्दाम ऐकली नव्हती, कारण तेव्हा तिचे सारे लक्ष माझ्या धाकट्या भावाचा हात सुटू नये याकडे होते. ज्या रस्त्यावर ती वाजते तो 1955 पासून, म्हणजे उद्यान उघडल्यापासून आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या लहानपणाची काही वर्षे मिसूरीतल्या मार्सलिन या छोट्या गावात गेली, आणि त्या काळच्या अमेरिकन गावाची मुख्य पेठ त्यांनी या उद्यानात उभी केली. म्हणजे ती आठवण मुळात दुसऱ्याची, दुसऱ्या देशातली, 1900 च्या आसपासची. तरीही नाशिकच्या स्वयंपाकघरात माझ्या आईचा मेथीवरचा हात थांबला.

म्हणून हा धागा. राइडमधली प्रसिद्ध गाणी सर्वांना ठाऊक असतात, ती बाजूला ठेवू. प्रवेशद्वारावर, रांगेत, झुडपामागच्या स्पीकरमधून, दिवसभर कोणी लक्ष न देता वाजत राहिलेले आणि तरीही आपल्या कानात मुक्कामाला आलेले असे काही आपल्याकडे असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

आइंडहोव्हनहून

नेदरलँड्समधल्या आमच्या शहरात मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे कात्सह्योव्हेल येथील एफ्टेलिंग या उद्यानाचा वार्षिक पास असतो. हे उद्यान 1952 चे, म्हणजे डिस्नेलँडपेक्षा तीन वर्षांनी मोठे. त्यातले परीकथांचे जंगल चित्रकार आन्तोन पीक यांच्या रेखाटनांवरून उभे राहिले आहे. जंगलाच्या वाटेवर लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची मोठाली अळंबी आहेत, आणि त्यांना कान लावला की आतून हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर वाजणारा एक जुना मिन्युएट (युरोपीय नाचाची चाल) ऐकू येतो. आवाज इतका बारीक की दोन पावले दूर गेले की तो पानांच्या सळसळीत विरतो. माझी मुलगी चार वर्षांची असताना प्रत्येक अळंब्यापाशी बसून "आत कोण आहे?" असे मराठीत विचारत असे. आता ती सतरा वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर वेगवान झोके-पाळण्यांसाठी जाते, आणि तरीही त्या वाटेवरून जाताना एका अळंब्यापाशी वाकते. मी पाहतो आहे हे तिला कळू न देण्याची काळजी मी घेतो.

परंतु मला खरे लिहायचे आहे ते तिथल्या 'भारतीय कमळां'विषयी. 1966 पासून तेथे 'इंडियन वॉटर लिलीज' या अर्थाच्या डच नावाचा एक देखावा आहे: अंधाऱ्या गुहेत तळे, हंस आणि बेडूक वाद्ये वाजवतात, कमळे उमलतात आणि त्यांतून पऱ्या नाचतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा, नावात भारत आहे म्हणून मी आणि पत्नी मोठ्या अपेक्षेने, थोडेसे टीका करण्याच्या तयारीनेच, उभे राहिलो. कथा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली, त्या मूळच्या स्पेनच्या. हंसांचे वाद्यसंगीत बेर्ट केम्पफेर्ट या जर्मन संगीतकाराचे, आणि त्या रचनेच्या नावात चक्क आफ्रिका आहे. मध्येच आकाशातून उतरल्यासारखा जो स्त्रीस्वर येतो, तो पेरू देशातल्या गायिका इमा सुमाक यांचा. यांत भारतीय काय, तर फलकावरचे नाव. आम्ही तेव्हा पुष्कळ हसलो.

पुढे एका हिवाळ्यात नोकरी गेली. सात आठवडे घरी होतो. पास होताच, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी नसताना, मी एकटाच बसने तिथे जात असे आणि त्या गुहेत, तो खेळ संपून पुन्हा सुरू होईपर्यंत उभा राहत असे. बाहेर पाऊस, आत बेडकांचा तो निर्धास्त ठेका. काही महिन्यांनी दुसरी नोकरी लागली. आजही ती चाल कानावर पडली की मला माझा ओला कोट आणि खिशातला पोळीचा रोल आठवतो, आणि 'भारतीय' या शब्दाबद्दल आता माझी काहीही तक्रार उरलेली नाही.

बोरिवलीहून

माझा अनुभव अगदी लहान आहे. एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले आणि आम्ही शाळेच्या सहलीने गोराईच्या धक्क्यावरून होडीने तिथे जात असू. दूरदर्शनवरच्या जाहिरातीचे गाणे होडीतच सर्व मुले ओरडून म्हणत, त्यामुळे उद्यानात प्रत्यक्ष काय वाजत होते हे मला आज सांगता येत नाही. मला आठवते ते परतीच्या होडीतले: इंजिनाची धडधड वाढत जाई आणि खाडीपलीकडे राहिलेल्या भोंग्यांतले शब्द आधी पुसले जात, मग चाल पुसली जाई, शेवटी फक्त ठेका उरत असे. धागाकर्तीच्या नियमात हे बसते की नाही, ते त्यांनीच ठरवावे.

(बसते. — धागाकर्ती)

पुण्याहून, पूर्वी ऑरलँडो

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलमध्ये दरवाजे बंद होण्यापूर्वी एक सूचना होते, आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये. तो आवाज जॅक वॅगनर यांचा; डिस्नेच्या उद्यानांतले पार्श्वसंगीत निवडून त्याची जुळणी करण्याचे कामही त्यांनी अनेक वर्षे केले. सूचना हे संगीत नव्हे, हे मान्य आहे. पण तिला चढउतार आहेत, तिची एक सम आहे, आणि ती ऐकलेला माणूस ती गुणगुणू शकतो. माझे सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. ते आमच्याकडे दोन महिने राहिले, तेवढ्यात "पोर फाव्होर मान्तेंगान्से आलेहादोस दे लास पुएर्तास" (कृपया दारांपासून दूर राहा) हे वाक्य त्यांना मुखोद्गत झाले. परत गेल्यावर दादरला, लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या एका तरुणाला त्यांनी ते शांतपणे, स्पष्ट उच्चारात ऐकवले. तो तरुण खरोखर आत सरकला, असे ते सांगतात.

माझी स्वतःची आठवण डिस्ने वर्ल्डच्याच एप्कॉट उद्यानातल्या मध्यवर्ती कारंज्याजवळची आहे. आम्ही तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होतो आणि मुलाला बाबागाडीत झोपवण्यासाठी पत्नी आणि मी संध्याकाळी त्या कारंज्याभोवती फेऱ्या मारत असू. तिथले वाद्यसंगीत भव्य, आशावादी, उद्याचे जग फार सुंदर असणार आहे असे सांगणारे होते, आणि त्याच सुरांत मूल झोपी जाई. 2019 मध्ये ते कारंजे काढून टाकण्यात आले. मुलगा आता पुण्यात अभियांत्रिकीला आहे. अभ्यास करताना तो कानांत काहीतरी लावून बसतो. एकदा मी विचारले, तर जुन्या कारंज्याच्या संगीताचे कोणा रसिकाने जपलेले दीड तासाचे ध्वनिमुद्रण त्याने लावले होते. "याने झोप येत नाही का?" असे मी विचारले. "येते ना," तो म्हणाला.

तोक्योहून

आम्ही निशी-कासाई भागात राहत होतो, जिथे भारतीयांची वस्ती मोठी आहे. तोक्यो डिस्नेलँड (1983) तिथून जवळच, माइहामा स्थानकापाशी. जपानमध्ये रेल्वे सुटताना फलाटावर छोटी सुरावट वाजते, आणि त्या स्थानकावर तेव्हा जगातल्या सर्व मुलांना छोट्या होड्यांतून फिरवणाऱ्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या सुप्रसिद्ध राइडच्या गाण्याचा तुकडा वाजत असे. माझी कचेरी त्याच मार्गावर पुढे चिबाच्या दिशेला. त्यामुळे सहा वर्षे, कामाच्या प्रत्येक दिवशी, पाळणे-राइड यांच्याशी काहीही संबंध नसताना, गळ्यात टाय लावून आणि डोक्यात विलंबित अहवालांची चिंता घेऊन मी तो तुकडा ऐकला. गाडीतून मिकीचे कान लावलेली मुले उतरत आणि आम्ही नोकरदार आपापल्या जागी बसून राहत असू. त्या सहा वर्षांत प्रत्यक्ष उद्यानात मी चार वेळा गेलो असेन. राइडमध्ये ते गाणे पूर्ण ऐकले की मला अस्वस्थ वाटे, उतरायचे स्थानक चुकले आहे असे काहीतरी.

धागाकर्ती

तोक्योच्या या अनुभवामुळे नियम मोडून त्या गाण्याविषयी थोडे सांगते. ती राइड 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तयार झाली. आधीचा विचार असा होता की निरनिराळ्या देशांच्या बाहुल्यांनी आपापली राष्ट्रगीते गावीत. परंतु सगळी एकदम वाजू लागल्यावर नुसता गोंधळ झाला. तेव्हा रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या बंधूंनी अशी रचना केली की धृपद आणि अंतरा एकाच वेळी गायले तरी ते एकमेकांत बसतात. होडीतल्या माणसाला पुढच्या दालनातले आवाज मागच्या दालनात ऐकू येतात, पण बिघाड जाणवत नाही, तो यामुळे. आपल्याकडे दोन मांडवांचे भोंगे समोरासमोर आले की काय होते, हे वाचकांना सांगायला नकोच.

न्यू जर्सीहून

मी मूळचा डोंबिवलीचा, नाटकांना ध्वनिसंयोजन करीत असे, त्यामुळे मांडवांच्या भोंग्यांचा उल्लेख वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या गावच्या जत्रेत पाळणा, मौत का कुआँ आणि भेळेची गाडी यांचे तीन स्वतंत्र कर्णे असत, आणि माणूस जिथे उभा असेल तिथे तिघांची मारामारी चाले. जत्रेचा खरा आवाज तोच, आणि त्याच्याविषयी मला कमीपणा वाटत नाही. पण 1999 च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत येऊन जेमतेम चार महिने झालेले असताना, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम उद्यानात रात्री दिव्यांची मिरवणूक पाहिली आणि धंद्यातला माणूस म्हणून थक्क झालो.

या मिरवणुकीची सुरुवात 1972 मध्ये कॅलिफोर्नियात झाली. तिची मूळ चाल त्याआधीची, 1967 ची, ज्याँ-जाक पेरे आणि गर्शन किंग्सली या दोघांनी 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, केलेली. सगळ्या रस्त्यावरच्या स्पीकरांतून ती एकच चाल सतत वाजत असे, आणि प्रत्येक चित्ररथ आपली वेगळी सुरावट तिच्यावर ठेवत पुढे सरके. लय आणि स्वरमेळ आधीच जुळवलेले असल्यामुळे कोणताही रथ रस्त्यात कुठेही असला तरी तो खालच्या चालीत बसे. लेहऱ्यावर तबलजी बदलत जावेत आणि लेहरा थांबू नये, तसे काहीसे. लोक दिवे पाहत होते. मी पदपथाच्या कडेने मिरवणुकीच्या उलट दिशेने चालत गेलो, दोन रथांमधला सांधा कुठे ऐकू येतो ते शोधत. मला तो सापडला नाही. पत्नी मात्र मला शोधत होती, आणि त्या काळी आमच्याकडे मोबाइल नव्हते, त्यामुळे पुढचा तास बराच बेसूर गेला.

फ्लोरिडात ही मिरवणूक 2016 मध्ये थांबली. त्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा गेलो. या वेळी पत्नीने माझा दंड धरून ठेवला होता.

ठाण्याहून

सगळ्यांनी पाहुणे म्हणून लिहिले आहे, म्हणून नोकराची बाजू मांडतो. विद्यार्थिदशेत एक संपूर्ण हंगाम मी अमेरिकेतल्या एका मोठ्या उद्यानात, प्रवेशद्वाराजवळच्या दुकानाबाहेर उभा राहून लोकांना वाट दाखवण्याचे काम केले. पाहुण्यासाठी ते संगीत अखंड असते, कारण तो दहा मिनिटांत पुढे निघून जातो. आम्हाला त्याचे आवर्तन कळत असे. साधारण तासाभराने तोच बँजो परत येई, आणि मी घड्याळाऐवजी त्याच्यावर दिवस मोजू लागलो: क्लॅरिनेटची लाडिक चाल आली की जेवणाच्या सुट्टीला अजून दोन चाली शिल्लक, तुतारीवाली आली की पाणी प्यायला हरकत नाही. तिसऱ्या आठवड्यात मला त्या संगीताचा मनापासून तिटकारा आला. सहाव्या आठवड्यात ते ऐकू येईनासे झाले. एका सकाळी यंत्रणा बिघडून रस्ता शांत झाला तेव्हा आम्ही सगळेच कावरेबावरे झालो. पाहुण्यांची पावले, बाबागाड्यांची चाके, दूरच्या मुलाचे रडणे, सगळे एकदम उघडे पडल्यासारखे ऐकू येऊ लागले आणि पुठ्ठ्याची नसूनही समोरची सगळी इमारत पुठ्ठ्याची दिसू लागली.

तिथे एका बोटाने दिशा दाखवायची नाही, काही देशांत ते असभ्य समजले जाते म्हणून दोन बोटांनी दाखवायची, असे शिकवले होते. परत येऊन अकरा वर्षे झाली. मागच्या दिवाळीत इथल्या एका मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानाबाहेर बायकोची वाट पाहत उभा होतो, आणि आतून तसाच बँजो-पियानो सुरू झाला. तीच चाल होती असे छातीठोकपणे सांगत नाही. मी सरळ उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळले. तेवढ्यात एका आजींनी विचारले, "बाळा, लिफ्ट कुठंय रे?" आणि मी हसून, किंचित वाकून, दोन बोटांनी त्यांना लिफ्ट दाखवली. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या बोटांकडे पाहिले, आणि विचारले, "दुसऱ्या मजल्यावर का?"