शब्दचर्चा : चाळ पाडल्यावर शेजाऱ्यांना काय म्हणायचं?

नमस्कार. एक शब्द हवा आहे. ज्यांच्या शेजारी आपण लहानाचे मोठे झालो, पण ती चाळ आणि ती गल्लीच आता उरली नाही, अशा माणसांना मराठीत काय म्हणतात?

लालबागला आमची चाळ होती, तळमजला आणि वर दोन मजले. ती पाडली. गल्लीतल्या बाकीच्याही एकेक करून गेल्या आणि माणसं विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे पांगली, काही थेट गावाला. भाचरांसाठी मी त्या लोकांविषयी थोडं लिहून ठेवतेय आणि पहिल्याच ओळीत अडले. 'माजी शेजारी' कानाला खटकतं. माजी हे पदाला किंवा संस्थेला धरून येतं : माजी आमदार, माजी सैनिक, माजी विद्यार्थी. शेजाराला कसला आलाय कार्यकाळ? 'पूर्वाश्रमीचे' म्हटलं तर कुणी संन्यास घेतल्यासारखं होतं. 'जुने शेजारी' त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यातून 'बऱ्याच वर्षांपासून शेजारी आहेत' असाही अर्थ निघतो.

बोलताना मी अजून 'आमच्या बाजूच्या काकी' असंच म्हणते. काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढून त्यांना ऐकू कमी यायचं आणि खात्यात खुणांनी बोलायची सवय लागलेली, ती त्यांनी घरीही आणली. आम्हा पोरांना त्या सगळ्या खुणा यायच्या. काकींची खूण वेगळी. आमच्या मधली भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचं पार्टिशन. पहाटे नळाला पाणी आलं की त्या मुठीनं दोनदा ठोकायच्या. आई उठायच्या आधी आम्हीच उठून बसायचो.

त्यांना 'माजी' कसं म्हणू?

वरळीहून :

ताई, 'बाजूच्या काकी' हाच शब्द आहे, दुसरा शोधू नका. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळ-वरळीच्या या गिरणी वस्तीत, शेजाऱ्याला नावानं नाही, जागेनं ओळखायचे. बाजूच्या, समोरच्या, वरच्या, जिन्याजवळच्या, नळाजवळच्या. आणि ही जागा चाळीच्या बांधणीवर ठरायची. आमच्या बीडीडी चाळीत (इंग्रजांच्या काळात सरकारी विकास खात्यानं बांधलेल्या) मधून पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या, मजल्यावर वीस, इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. त्यामुळे 'समोरच्या मावशी' म्हणजे पॅसेजच्या पलीकडचं दार. दार उघडं असलं की त्यांची चूल आमच्या घरातून दिसायची. तुमची गॅलरीची चाळ असेल तर तिथे खोल्या एका रांगेत. तिथे 'समोरचे' म्हणजे पलीकडच्या चाळीतले, जरा लांबचेच. एकच शब्द, पण वरळीत त्याचा घरोबा वेगळा आणि लालबागला वेगळा.

आणखी एक. 'बाजूवाले' आणि 'बाजूचे' यांत आम्ही फरक करायचो. भांडण झालं की 'ते बाजूवाले'. एरवी 'बाजूच्या काकी', 'बाजूचे काका'. 'वाले' लागलं की नात्याचा शब्द गळायचा.

पुण्याहून :

आमच्याकडे वाड्यात 'बिऱ्हाडकरू' म्हणत. वाडा पडला तरी 'आमच्या वाड्यातलं बिऱ्हाड' असा उल्लेख जुनी माणसं करतात. तो चालेल का?

घर गेल्यावर नाव कसं बदलतं याचं एक उदाहरण. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतली घरं गेली. कसबा, शनिवार, नारायण इथली माणसं वेगवेगळ्या वसाहतींत गेली आणि त्यांना नाव पडलं 'पूरग्रस्त'. सरकारी कागदातला शब्द, पण तो तसाच वसाहतीच्या नावात जाऊन बसला. तिथे जन्मलेल्या मुलांनी पूर पाहिलासुद्धा नव्हता, तरी पत्ता लिहिताना पूरग्रस्त वसाहत. त्यांच्या आजोबांचा वाडा कुठल्या पेठेत होता, हे त्या नावातून कळत नाही. तुमच्या माणसांचं असं होऊ नये.

लालबागची (मूळ प्रश्नकर्ती) :

'बिऱ्हाडकरू' शब्द सुंदर आहे, पण तो मालकाच्या बाजूनं पाहतो. वाड्याचा मालक म्हणणार, माझे बिऱ्हाडकरू. दोन बिऱ्हाडं एकमेकांना शेजारीच म्हणणार. आमच्याकडे 'भाडेकरू' तसाच : पागडी, भाडेपावती, दुरुस्तीची नोटीस यांत यायचा, घरात कुणी वापरला नाही.

'ग्रस्त'बद्दल अगदी पटलं. आमच्यातले काही संक्रमण शिबिरात गेले, तर तिथल्या शाळेत त्यांच्या मुलांना 'ट्रान्झिटवाली मुलं' म्हणायचे. तात्पुरत्या जागेत माणसं अख्खं तारुण्य काढतात आणि नाव मात्र त्या तात्पुरतेपणाचं लागतं, याचा मला अजून राग येतो.

रत्नागिरीहून :

माझे वडील डिलाईल रोडला गावकीच्या खोलीत राहायचे. गावातल्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे व्हायचे. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे, शेजारच्या खोलीतली एखादी बाई महिन्याच्या पैशांवर दोन वेळचं रांधून घालायची. अशा बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. वडील त्या बाईंना मावशी म्हणत. त्या घाटावरच्या, आम्ही कोकणातले, नातं कुठलंच नाही. पण वडिलांच्या मावशी म्हणून आम्ही त्यांना आजी म्हणायचो.

यावरून एक निरीक्षण मांडतो. शेजारणीला काकी म्हणतात, मावशी म्हणतात, वहिनी, आजी, आक्का म्हणतात. आत्या म्हटलेलं फारसं ऐकलं नाही. मामा तर कुणालाही म्हणतात, पोलिसालाही. मला वाटतं आत्येला मानपान असतो, बारशाला नाव ठेवायचा हक्क असतो, म्हणून ते नातं सहसा कुणी उसनं देत नाही.

शब्दाबाबत म्हणाल तर 'चाळकरी' घ्या. 'गावकरी'सारखा. गावकरी मुंबईत चाळीस वर्षं राहिला तरी गावाचा गावकरीच राहतो. आणि गावाकडे त्याला म्हणतात चाकरमानी. गिरण्या बंद पडल्या, चाकरी सुटली, तरी शिमग्याला गावात उतरला की चाकरमानीच.

नागपूरहून :

'सख्खे शेजारी' हा प्रयोग अजून कुणी काढला कसा नाही? सख्खा म्हणजे एका आईबापाचा. भाऊ, बहीण, मावशी, काका यांच्यासाठीचं हे विशेषण मराठीत भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यालाही लागतं. त्याच्या पलीकडच्याला मात्र 'चुलत शेजारी' म्हणत नाहीत. एक बारीक फरक आहे. सख्खी मावशी दूर गेली तरी 'आहे'. सख्खे शेजारी घर बदललं की 'होते' होतात. 'लालबागला असताना ते आमचे सख्खे शेजारी होते.' तुमची अडचण या 'होते'ची असावी.

लालबागची :

हो, 'होते'चीच. आणि तुमच्या 'उसनं' शब्दावरून, रत्नागिरीचे दादा, एक लिहायचं राहिलं.

आमच्याकडे उधार आणि उसनं यांत घोळ चालत नसे. उधार वाण्याकडे, त्याची वही असते. उसनं शेजारी, त्याची वही नसते, आणि ते त्याच वस्तूत फेडायचं. वाटीभर तांदूळ नेले तर तांदूळच परत. हातउसने पैसे असले तरी पगाराच्या दिवशी परत, कागद नाही, व्याज नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तेव्हा मी शाळेत होते. माझे वडील गिरणीत नव्हते, त्यामुळे आमच्याकडे पगार येत होता. बाजूच्या काकांचा थांबला. पावसाळ्यापर्यंत वाण्यानं उधार बंद केलं. काकी एके दुपारी वाटी घेऊन आल्या. पितळेची, काठाला पोचा आलेली. 'थोडं उसनं दे गं,' म्हणाल्या. आईनं तांदूळ वाटीत न घालता सुपात काढले, त्यांच्या पदरात ओतले आणि वाटी रिकामीच हातात दिली. मी नंतर विचारलं, मापलं का नाहीस? ती म्हणाली, मापलं की फेडावं लागतं.

तरी काकी दर वेळी 'उसनं'च म्हणायच्या आणि आईही 'उसनं नेलंय त्यांनी' असंच सांगायची. परत येणार नाही हे दोघींना ठाऊक होतं. 'मदत' हा शब्द त्या दोन खोल्यांत मी एकदाही ऐकला नाही. शब्दकोशात उसनं म्हणजे परत करायच्या बोलीवर घेतलेली वस्तू, एवढं लिहिलेलं असतं. गिरणगावात त्या वर्षी या शब्दानं किती घरांची अब्रू राखली, तेही त्या नोंदीत यायला हवं.

संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. काका गावाला गेले, मग काकी गेल्या, खोलीला कुलूप. पुढे ती खोली विकली गेली आणि मग चाळच पाडली.

'चाळकरी' मला आवडला. आपल्याकडे आडनावांत 'कर' असतोच की. गाव सोडून चार पिढ्या झाल्या तरी माणूस त्या गावाचा 'कर' राहतो. मग पाडलेल्या चाळीचा चाळकरी राहायला काय हरकत? एक शंका. बाईला काय म्हणायचं?

पुण्याहून :

शेजारी-शेजारीण, शेतकरी-शेतकरीण, तसं चाळकरीण. अनेकवचन चाळकरणी. बिनधास्त लिहा.

वरळीहून :

चाळकरीण छान. आता आमच्याकडची ताजी भर घ्या. वरळीतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्वसनाच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, संडास घरात. हे चांगलंच झालं, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेली कुठलीही बाई तेच सांगेल. पण कुणाला कितव्या मजल्यावरचं घर, हे सोडतीनं ठरलं. चाळीत भिंतीला भिंत असलेली माणसं आता वर-खाली वाटली गेलीत. त्यामुळे माझ्या ओळखीच्या घरांत 'जुन्या बाजूच्या' आणि 'नव्या बाजूच्या' असं बोलणं सुरू झालंय. 'जुन्या बाजूच्या काकींकडे जाऊन येते' म्हणजे लिफ्टनं जायचं. नव्या बाजूच्यांना अजून काकी कुणी म्हणत नाही, त्यांचं आडनाव घेतात, दारावर पाटी असते ना. नायगावच्या किंवा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या कुणाच्या कानावर असं काही आलं असेल तर जरूर कळवा.