शब्दचर्चा: लिंकनचं घर 'झोपडी' म्हणावं का?

ओसरी
मुलांच्या दिवाळी अंकासाठी अब्राहम लिंकनच्या बालपणावर लिहितेय आणि दोन जागी अडलंय. १८०९ साली केंटकीत हॉजनव्हिलजवळ एका खोलीच्या घरात तो जन्मला. मराठीत त्याला सरसकट 'लाकडी झोपडी' म्हणतात. संपादकांनी त्याचं 'लाकडी घर' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. दुसरी अडचण जास्त नडतेय. १८१६ च्या अखेरीस हे कुटुंब इंडियानाच्या जंगलात आलं, तेव्हा आधी एका आडोशाला राहिलं असं सांगतात. तीन बाजू बंद, चौथी उघडी आणि तिच्या तोंडाशी सतत पेटता जाळ. याला मराठीत काय म्हणू?

वाकस
झोपडी नकोच. झोपडीला कूड असतो. आमच्याकडे कारवीचा कूड, वर शेणमातीचं लिंपण. इथे अख्खी खोडं आडवी, एकावर एक रचलेली. कोपऱ्यावर खाचा पाडून एकमेकांत बसवायची आणि मधल्या फटी चिपा नि चिखलाने बुजवायच्या. घरात सुतारकी आहे म्हणून सांगतो, 'ओंडका'सुद्धा नको. ओंडका आखूड नि जाड, फोडायचा नाहीतर जाळायचा. लांब सरळ खोड म्हणजे सोट. 'सरळसोट', 'सोटमूळ' यांतला तोच. 'सोटांचं घर' लिहा.

नीलकांत
सोट आज कोणत्या मुलाला कळेल? ओंडका सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द वापराने ठरतो.

देववाणी
'काष्ठकुटी' घ्या. कुटी म्हटलं की साधेपणा येतो, दैन्य येत नाही.

नीलकांत
काष्ठकुटीत ऋषी राहतात. लिंकनचा बाप थॉमस शेतकरी आणि सुतार होता. त्यापेक्षा इंग्रजीतलं 'लॉग केबिन' तसंच ठेवा.

ओसरी
केबिन मराठीत केव्हाच रुळलंय, पण ते साहेबांचं नाहीतर डॉक्टरांचं. मुलांच्या डोळ्यांपुढे काचेचं दार येईल.

वरदा
झोपडीवर माझा आक्षेप वेगळा आहे. आज तो शब्द थेट झोपडपट्टीत नेतो. थॉमसने ती जमीन विकत घेतली होती, सुमारे ३०० एकर. केंटकी सोडलं त्यामागे मालकीहक्काचे वाद होते. त्या मुलखात बहुतेकांची घरं अशीच. ही रीत सतराव्या शतकात स्वीडन-फिनलंडच्या लोकांनी डेलावेअर नदीकाठी आणली असं मानतात. गरिबीतून वर आल्याची खूण म्हणून ती मिरवली राजकारण्यांनी. १८४० च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन या उमेदवाराने हेच घर प्रचारचिन्ह केलं, आणि तो स्वतः व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातला!

माजघर
हाल नव्हते असं कसं म्हणता? १८१८ च्या ऑक्टोबरात आई गेली, पोर नऊ वर्षांचं. गायीने विषारी झुडूप खाल्लं, ते विष दुधातून माणसांत आलं. आईची शवपेटी बापानेच केली. घरात पायाखाली नुसती माती. सावत्र आई सॅरा पुढच्या वर्षी आली, तिने लाकडाची जमीन करून घेतली. हे सगळं 'झोपडी'तच पोचतं. उगाच शब्द धुऊन काढू नका.

वरदा
ते झुडूप सधन शेतकऱ्याच्या गायीनेही खाल्लंच असतं.

इंडियानाकर
मी ती जागा पाहिली आहे. इंडियानात लिंकन सिटीला त्यांच्या घराच्या जागी तळाचे ओंडके आणि चुलीचे दगड ब्राँझमध्ये ओतून मांडलेत. चारी बाजूंनी फिरायला चार पावलं पुरतात असं वाटतं, आणि सॅरा आल्यावर आत आठ माणसं. मुलगा भिंतीतल्या खुंट्यांवर पाय देत माळ्यावर झोपायला जाई म्हणतात. पाहा, 'खुंटी' आणि 'माळा' किती चपखल बसतात! मात्र आतल्या विस्तवाला 'शेकोटी' लिहू नका. शेकोटी उघड्यावर. तिथे त्याच जाळावर रांधायचे, वर काटक्या-मातीचं धुराडं. 'आगटी' चालेल.

माजघर
आगटी शेकायला. रांधायची ती चूल.

ओसरी
माझा दुसरा प्रश्न राहिलाच. त्या तीनबाजूंच्या आडोशाला 'पडवी' म्हणू का?

वाकस
पडवीला मागे घर लागतं. 'खोप' म्हणा. शेतावर राखणीला घालतात तीही एका बाजूने उघडीच असते.

नीलकांत
झोपडी नको आणि खोप चालेल?

वरदा
संपादकांना एक आवर्जून सांगा. 'पहिले वसाहतकार' लिहिलं असेल तर 'पहिले' काढा. शॉनी, मियामी, डेलावेअर हे मूळ रहिवासी लोक त्या प्रदेशात आधीपासून होते. लिंकनचा आजोबा, त्याचंही नाव अब्राहम, १७८६ मध्ये केंटकीत शेतात काम करताना मारला गेला, तो मूळ रहिवाशांशी चाललेल्या याच जमिनीच्या झगड्यात.

देववाणी
मग 'नववसाहतकार'.

वाकस
'रान मोडून शेत करणारे' म्हणा ना. वसाहत म्हटलं की मला औद्योगिक वसाहत आठवते.

माजघर
रान 'मोडत' नाहीत हो, रान तोडतात. मोडतात ती जमीन.