३+० मध्ये पटावर जिंकायचं आणि घड्याळावर हरायचं: काय बदलावं?

अडीचघर
भाच्यासाठी विचारतोय. तो लीचेसवर (ऑनलाइन बुद्धिबळाची साइट) मुख्यतः ३+० खेळतो, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं आणि खेळीगणिक वाढीव सेकंद शून्य. ब्लिट्झ (अशा झटपट डावांचं) रेटिंग १६०० च्या आसपास, रॅपिड (जास्त वेळेच्या डावांचं) मात्र १९०० च्या वर. म्हणजे बुद्धिबळ येतं, घाईत येत नाही. ओपनिंग (डावाची सुरुवात) आणि पद्धत सांगतो, म्हणजे नेमकं बोलता येईल.

पांढऱ्याकडून ई४, समोरून ई५ आलं की किंग्ज गॅम्बिट. काळ्याकडून ई४ ला सिसिलियन नायडॉर्फ, डी४ ला किंग्ज इंडियन. हल्ला चांगला करतो, मोहरा सोडायला कचरत नाही. वजिरावजिरी मात्र टाळतो, अगदी प्यादं वर असतानाही. पंधराव्या खेळीला त्याच्या घड्याळात साधारण १:१० आणि समोरच्याकडे १:५० असतात. मग जिंकलेल्या डावात शेवटच्या दहा सेकंदांत एक तर हत्ती फुकट देतो, नाहीतर फ्लॅग पडतो (वेळ संपतो). हरला की लगेच पुढचा डाव लावतो, ते आणखी वेगळं.

ओपनिंग बदलावीत का? रोज सराव काय करावा? ३+२ वर जावं का? 'हात भराभर चालव' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

घड्याळजी
हात भराभर चालवून तसाही उपयोग नाही. १८० सेकंदांत ४० खेळ्या धरल्या तर खेळीला साडेचार सेकंद मिळतात. माउसवर त्यातले फार तर अर्धा-एक सेकंद जातात. बाकीचे जातात ते ठरवण्यात, आणि बहुतेक वेळा जिथे ठरवण्यासारखं काही नसतं तिथेच.

आधी हे तपासा. लीचेसच्या विश्लेषणाच्या पानावर खेळीगणिक लागलेल्या वेळाचा आलेख असतो. अलीकडचे हरलेले वीसेक डाव उघडा आणि सात सेकंदांच्या वरची प्रत्येक खेळी वहीत लिहा. पुढे फक्त एक खूण करा: तिथे मारामारी, बळी किंवा थेट धोका होता का? नसेल तर ती गळती. दोन बऱ्या चालींपैकी कुठली निवडू, हत्ती डी१ ला की ई१ ला, यातच दहा-दहा सेकंद गेलेले दिसतील. यावर नियम सोपा ठेवायचा: दोन्ही चालींत काही फुकट जात नसेल तर आधी सुचलेली खेळायची. स्टॉकफिश या संगणक-इंजिनाच्या मते त्या दोन चालींत ०.२ चा (प्याद्याच्या पाचव्या भागाचा) फरक असेल, पण १६०० च्या ब्लिट्झमध्ये ०.२ ने डाव फिरत नाही. दहा सेकंदांनी फिरतो.

घड्याळावर तीन खुणा ठेवा: दहावी खेळी झाली तेव्हा २:४०, विसावीला १:५०, तिसावीला १:००. मागे पडलो असं दिसलं की पुढच्या पाच खेळ्या साध्या खेळायच्या, म्हणजे मोहरे एकमेकांच्या आधाराला, राजा सुरक्षित, आणि नवीन भानगड उकरायची नाही. वाचवलेला वेळ खर्च कुठे करायचा, तर बळी देण्याआधी. तिथे पंधरा सेकंद गेले तरी हरकत नाही.

कोपऱ्यातला_हत्ती
वरच्याला +१. ओपनिंगचं माझं मत: किंग्ज गॅम्बिट सोडू नका, नायडॉर्फ सोडा.

किंग्ज गॅम्बिटमध्ये विचार करत बसतो तो समोरचा. नायडॉर्फमध्ये उलट आहे. सहाव्या खेळीला पांढऱ्याकडे उंट ई३, उंट जी५, उंट सी४, उंट ई२, एफ३, एच३ असे पर्याय आहेत आणि प्रत्येकाला काळ्याची योजना वेगळी लागते. ते पाठ नसेल तर दहाव्या खेळीपर्यंत चाळीस सेकंद उडतात. त्याऐवजी ई४ ला कारो-कान आणि डी४ ला स्लाव्ह घ्या. दोन्हीकडे सी६-डी५ हाच सांगाडा, त्यामुळे पहिल्या आठ-दहा खेळ्या हातात बसतात. आणि वजिरावजिरी झाली तरी डाव खेळता येतो हे त्याला आपोआप कळेल, जे त्याला कळायला हवंय.

फियानचेटो_फॅन
मी तर म्हणेन पांढऱ्याकडून लंडन ही ओपनिंग घ्या. डी४, उंट एफ४, ई३, सी३, घोडा एफ३, उंट डी३, दुसरा घोडा डी२. समोरचा काहीही करो, सात खेळ्या दहा सेकंदांत.

कोपऱ्यातला_हत्ती
'समोरचा काहीही करो' इथेच लोक फसतात. डी४ खेळून उंट एफ४ ची प्रीमूव्ह (समोरच्याने खेळण्याआधीच ठरवून ठेवलेली चाल) ठेवली आणि समोरच्याने ई५ केलं, तर दुसऱ्याच खेळीत उंट प्याद्याला फुकट. फियानचेटोवाल्यांचंही (उंट जी७ किंवा बी७ ला बसवणाऱ्यांचंही) तेच. काळ्याने जी६ करून उंट जी७ ची प्रीमूव्ह ठेवली आणि पांढऱ्याने उंट एच६ वर आणला, की उंट आपणहून जी७ वर जातो, तिथे मारला जातो आणि मागोमाग एच८ चा हत्ती. प्रीमूव्ह नसती तर एच६ चा उंट फुकट मिळाला असता.

आणखी एक. लंडनमध्ये काळा डी५, सी५, घोडा सी६ करून वजीर बी६ ला आणतो. आपण वजीर बी३, तो सी४, आपण वजीर सी२. आता तो उंट एफ५ ला टाकतो. हा उंट वजिराने मारायचा नाही. मारला तर त्याचा वजीर बी२ वर घुसतो आणि कोपऱ्यातला हत्ती अडकतो. वजीर मुकाट्याने सी१ ला परत. एवढं माहीत असेल तरच लंडन घ्या. पण हल्ला करणाऱ्या मुलाला लंडन दिलं तर तो कंटाळेल आणि दुप्पट विचार करेल, हेही लक्षात घ्या.

उंदीरमामा
प्रीमूव्हचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण ३+० मध्ये सगळ्यात स्वस्तात मिळणारा वेळ तिथेच आहे.

सुरक्षित प्रीमूव्ह म्हणजे परत मारण्याची. समजा डी५ वर आपलं प्यादं आहे आणि ई४ चं प्यादं ते मारेल असं दिसतंय. सी६ वरून डी५ अशी प्रीमूव्ह ठेवा. त्याने मारलं तर आपण परत मारतो. नाही मारलं तर डी५ वर आपलंच प्यादं उभं असल्याने ती चाल अवैध ठरते आणि आपोआप रद्द होते. फुकटचा विमा. फक्त एवढं पाहा, की त्याने प्याद्याऐवजी घोड्याने किंवा वजिराने मारलं तरी परत मारणं आपल्याला परवडतंय. धोक्याची प्रीमूव्ह म्हणजे रिकाम्या घरावर जाणारी, कारण ती रद्द होत नाही. समोरचा काहीही खेळला तरी ती पडते. ज्या रिकाम्या घरावर त्याचा एकही मोहरा एका चालीत मारा आणू शकत नाही, तिथेच ती ठेवायची.

लीचेसवर एका वेळी एकच प्रीमूव्ह ठेवता येते आणि तिला वेळ लागत नाही. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर ओळीने अनेक ठेवता येतात, पण दर प्रीमूव्हला ०.१ सेकंद कापतात. एकीकडची सवय दुसरीकडे नेताना हे ध्यानात ठेवा.

सेटिंग: बढतीला आपोआप वजीर चालू, मोहऱ्यांचं अ‍ॅनिमेशन बंद, चालीची पुष्टी विचारणारा पर्याय बंद. टचपॅडवर ३+० खेळू नका, वायरचा साधा माउस पुरतो. ओढून टाकायचं की दोन क्लिक करायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण एकच ठेवावं. मधेच बदललं की मोहरा शेजारच्या घरावर पडतो.

प्यादेमात
त्याला रोज कोडी घाला, पण स्वतःच्या कोडे-रेटिंगपेक्षा ३००-४०० ने सोपी, प्रत्येकी पाच सेकंदांत, दहातली नऊ बरोबर येतील अशी. अवघड कोडी रॅपिडसाठी. इथे शोधायचं नाहीये, ओळखायचंय: मागच्या पट्टीवरची मात, घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर मारा), एच७ वरचा उंटाचा बळी. लीचेसचं पझल स्टॉर्म तीन मिनिटांचं असतं, त्याच्या दोन फेऱ्या बस.

त्यात एक खोट आहे. कोड्यात काहीतरी आहे हे आधीच ठाऊक असतं, डावात ते कुणी सांगत नाही. आणि कोडं नेहमी आपल्या हल्ल्याचं असतं, समोरच्याच्या धमकीचं क्वचितच. म्हणून हत्ती फुकट जाणं कोड्यांनी थांबत नाही. त्यासाठी प्रत्येक खेळीला एकच प्रश्न: त्याचा मोहरा आता कुठे बघतोय, आणि जिथून उठला तिथून काय उघडं पडलं? सवय लागली की एका सेकंदाचं काम आहे. ती लावण्यापुरतं ३+२ खेळा. तिथे चाळीस खेळ्यांत ८० सेकंद वाढीव मिळतात, श्वास घ्यायला जागा राहते. पण कायमचं ३+२ नको, मग शेवटचे दहा सेकंद कसे काढायचे हे कधीच येणार नाही. आठवड्यातले निम्मे डाव हे, निम्मे ते.

अडीचघर
सगळ्यांचे आभार. वहीचं काम आजच सुरू करायला सांगतो. शेवटच्या दहा सेकंदांबद्दल कुणी आणखी लिहील का? आणि अरीनात (लीचेसवरच्या स्पर्धेत) तो सारखा बर्सर्क दाबतो, ते बरोबर आहे का?

घड्याळजी
बर्सर्कने वेळ निम्मा होतो आणि जिंकलं तर एक गुण जादा मिळतो. ज्याला ३:०० पुरत नाहीत त्याने १:३० घेऊन काय करायचं? बंद.

शेवटचे दहा सेकंद: वर असाल तर मोहरे मारून कमी करा, प्यादी ठेवा. समोर काळ्या घरांचा उंट असेल तर राजा, प्यादी, मोहरे सगळे पांढऱ्या घरांवर आणा, म्हणजे उंटाच्या माऱ्याची चिंताच उरत नाही. समोर घोडा असेल तर राजा त्याच्यापासून तिरक्या रेषेत एक घर सोडून ठेवा. तिथून शह द्यायला घोड्याला तीन चाली लागतात. समोरचाही सेकंदांवर आला असेल तर शह द्या, त्याची ठेवलेली प्रीमूव्ह बहुतेक मोडते.

सराव असा: लीचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये राजा-वजीर विरुद्ध राजा मांडा आणि इन्क्रीमेंट (खेळीगणिक वाढीव वेळ) न ठेवता संगणकाशी खेळा. अचूक खेळलं तर कुठल्याही स्थितीतून दहा खेळ्यांत मात होते. आधी मिनिटात, मग तीस सेकंदांत, मग पंधरा. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीवर ठेवत त्याला कडेला ढकलायचं. राजा कोपऱ्यात गेला की मात्र हे थांबवायचं. ए८ वर राजा आणि बी६ किंवा सी७ वर वजीर, चाल त्याची, दुसरं काही नाही, तर स्टेलमेट (शह नाही पण खेळायला चालही नाही, म्हणून बरोबरी). तिथे वजीर एक पट्टी अलीकडे थांबवून आपला राजा आणायचा. हे जमलं की राजा-हत्ती, त्याला जास्तीत जास्त सोळा खेळ्या लागतात. बाकी एन्डगेममधलं (डावाच्या शेवटातलं) ल्युसेना आणि फिलिडोर, म्हणजे हत्ती-प्याद्याच्या दोन ठरावीक स्थिती, एवढंच आत्ता पुरे.

उंदीरमामा
फ्लॅगच्या नियमाची भर. आपला वेळ संपला आणि समोर नुसता राजा असेल तर बरोबरी, दोन्ही साइटवर. म्हणून दोन सेकंद उरलेत आणि त्याच्याकडे एकच प्यादं आहे, तर हत्ती देऊन का होईना ते प्यादं मारा.

समोर राजा आणि एक घोडा असेल तर फरक पडतो. चेस डॉट कॉम तिथे बरोबरी देतं. लीचेस मात्र आपल्याकडे प्यादं, हत्ती, उंट किंवा घोडा उरला असेल तर हार देतं, कारण तेवढ्यावर मात होणं नियमाने शक्य असतं. आपल्याकडे नुसता वजीर असेल तर बरोबरी. तेव्हा लीचेसवर शेवटच्या क्षणी घोडा मारता आला तर आधी तो मारा, प्याद्याची बढती नंतर.

कोपऱ्यातला_हत्ती
आणि हरल्यावर लगेच लावायच्या डावाचं: ओळीने दोन हरले की टॅब बंद, निदान वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत त्याच दोन डावांची वही भरून होते.