कर शून्य झाला, फॉर्म २० तिथेच आहे

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

'राज्य बदलताना काय काय करावं' या धाग्यावर काल प्लेनोवासी यांनी लिहिलं, "जानेवारीपासून एसबीआरचा कर शून्य झालाय. आता कसला एटीएफ आणि कसला फॉर्म? माझी वस्तू, माझा ट्रक, टाकायची आणि निघायचं." (एसबीआर म्हणजे सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल, एटीएफ म्हणजे बंदुकांवर देखरेख करणारं अमेरिकेचं केंद्रीय खातं.) त्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिले. त्यातले काही जण या उन्हाळ्यात खरोखरच घर हलवणार आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

२०२५च्या जुलैत झालेल्या कायद्याने सप्रेसर (बंदुकीचा आवाज दाबणारी नळी), एसबीआर आणि आखूड नळीची शॉटगन यांवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनचा तसाच राहिला. नोंदणीला कुणी हात लावलेला नाही. ठसे, फोटो, फॉर्म १ (स्वतः बनवायचा अर्ज) किंवा फॉर्म ४ (विकत घ्यायचा अर्ज), सगळं जागच्या जागी आहे. आणि राज्याची हद्द ओलांडायचा नियम १९३४च्या एनएफएमधला, म्हणजे ही नोंदणी आणि कर आणणाऱ्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमधला, नाहीच, तो १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधला. कराचा त्याच्याशी काय संबंध? एसबीआर, आखूड शॉटगन, मशीनगन किंवा डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस (ग्रेनेड, बॉम्बसारखी वस्तू) दुसऱ्या राज्यात न्यायचं तर निघायच्या आधी एटीएफची मंजुरी हातात हवी. त्यासाठीचा अर्ज ५३२०.२०, म्हणजे आपला फॉर्म २०. पैसे पडत नाहीत. जुना पत्ता, नवा पत्ता, सिरियल नंबर, कधी नेणार, कसं नेणार, सही. ईमेलने जातो. मंजूर प्रत वाटेत जवळ ठेवायची.

न विचारता नेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्यातले निम्मे लोक ग्रीन कार्डवर आहेत. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्यावर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी हे आधी वाचावं.

प्लेनोवासी

माझ्या नावाने धागाच काढलात. ठीक आहे, मग ऐका.

सप्रेसर घेऊन मी टेक्सासमधून टेनेसीला बिनबोभाट जाऊ शकतो, कारण त्याला फॉर्म २० लागतच नाही. त्याच गाडीत साडेपंधरा इंची नळीची रायफल असेल तर मात्र सरकारची परवानगी. सोळा इंची असेल तर पुन्हा काही नाही. या अर्ध्या इंचाने कुणाचा जीव वाचतो ते मला सांगा. १९३४च्या मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तूल मिळालं नाही तर लोक रायफल कापून वापरतील म्हणून आखूड रायफली त्यात घातल्या. पुढे पिस्तुलं वगळली आणि रायफली तशाच अडकून राहिल्या. रायफलची मर्यादाही आधी अठरा इंच होती, १९६० मध्ये सोळा केली. ज्या नियमाचं कारणच नव्वद वर्षांपूर्वी निघून गेलं तो मी का डोक्यावर घ्यायचा?

सिएटलची_वैदेही

मला हा आरडाओरडा कळतच नाही. नागरिक नसलेला प्रत्येक जण घर बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११, म्हणजे इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा फॉर्म, भरतो. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता बदलतो, बँकेला कळवतो, मुलांच्या शाळेला कळवतो. बंदुकीचा पत्ता कळवायची वेळ आली की एकदम स्वातंत्र्य आठवतं. माझ्या मुलाच्या शाळेत वर्षातून अनेकदा लॉकडाउनची कवायत होते. घरी येऊन तो मला सांगतो की दिवा बंद करून कपाटामागे कसं बसायचं. तुमच्या अर्ध्या इंचाबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

प्लेनोवासी

वैदेहीताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. मलाही दोन मुली आहेत, त्याही तीच कवायत करतात. पण एआर-११ घर बदलून झाल्यावर भरायचा असतो. मी गेलो, मग कळवलं. फॉर्म २० मध्ये आधी विचारायचं आणि हो म्हणेपर्यंत हलायचं नाही. नवी नोकरी अमुक सोमवारी सुरू होते आणि मंजुरी आलेली नसते, तेव्हा माणसाने काय करायचं?

ऑस्टिनकर

एवढं मान्य करतो. राज्य ओलांडताना ती परवानगीच आहे, नुसतं कळवणं नाही. टेक्सासमधल्या टेक्सासमध्ये घर बदललं तर परवानगी लागत नाही. एटीएफ नवा पत्ता कळवा एवढंच सांगतं, त्यालाही हाच फॉर्म चालतो. आणि सोमवारच्या नोकरीचा प्रश्न असेल तर सोळा इंची अपर (नळीसकटचा रायफलचा वरचा भाग) चढवा आणि आखूड अपर मागे, ज्याला ते ठेवता येतं अशा माणसाकडे ठेवून या. आखूड भाग तुमच्या ताब्यात नसेल तर त्या अवस्थेत ती एसबीआर राहत नाही. मात्र आखूड अपर दुसऱ्या पेटीत घालून त्याच ट्रकमधून नेऊ नका.

एडिसनचा_पाहुणा

आणि मुक्कामाच्या राज्यात ती वस्तू चालते का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा. माझी बदली टेक्सासहून न्यू जर्सीला झाली. इथे एसबीआर नाही, सप्रेसरही नाही. फॉर्म २० लागत नाही म्हणून सप्रेसर बिनधास्त घेऊन येणारा इथे थेट राज्याच्या गुन्ह्यात अडकतो. मी माझं सगळं डीलरमार्फत विकून आलो. फार जड गेलं.

रानडुक्कर_पीडित

तुम्ही फॉर्मवरून रडताय. आमच्या घरी राजापूरकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करा. आधी लोकसभा, मग विधानसभा, मग जिल्हा परिषद. तेवढ्यात डुकरं भात लोळवून जातात. एकदा परत मिळाली तेव्हा नळीला गंज चढला होता, दस्त्याला चीर गेली होती. विचारायला गेलो तर म्हणे, अशीच दिली होती तुम्ही. एका ईमेलात काम होत असेल तर तुम्ही नशीबवान आहात.

ह्यूस्टनची_मावशी

मूळ विषय बाजूला ठेवून विचारते. सासूसासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, व्हिजिटर व्हिसावर. तिजोरीचा आकडा सासऱ्यांना माहीत आहे, आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो. यात काही अडचण आहे का?

ऑस्टिनकर

मोठी आहे! आकडा आजच बदला. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे. आकडा माहीत असून ते घरात एकटे असले तर त्यांच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं.

प्लेनोवासी

हे मात्र शंभर टक्के खरं. एच-१बी आणि एच-४ वाल्यांनाही हेच लागू. आई-बाबांना रेंजवर नेऊन दोन गोळ्या झाडायला लावणारे आणि फोटो टाकणारे मी इथेच पाहिलेत. हातात घेतली की ताबा आला.

सिएटलची_वैदेही

म्हणजे सत्तरीतल्या आजोबांना गुन्हेगार ठरवणारी वस्तू घरात ठेवायची आणि वर आकडे बदलत बसायचं! घरात नसती तर हा प्रश्नच आला नसता.

ह्यूस्टनची_मावशी

वैदेही, आमच्या गल्लीत एका रात्री दार फोडून माणसं आत शिरली होती. पोलीस येईपर्यंत त्या घरातली बाई न्हाणीघरात कडी लावून बसली होती. मी बंदूक ठेवणार. पण सासऱ्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्यानेही नाही. आकडा बदललाय.

एडिसनचा_पाहुणा

अशी शस्त्रं ट्रस्टच्या नावावर ठेवलेल्यांनीही ट्रस्टमधल्या नावांची यादी तपासा. २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे द्यावे लागतात. त्याआधीच्या ट्रस्टमध्ये बायको एच-४ वर असताना तिचं नाव घातलेले लोक मला माहीत आहेत.

प्लेनोवासी

माझी एसबीआर २०२३च्या ब्रेस नियमाच्या वेळी (हाताला टेकवायचा ब्रेस लावलेलं पिस्तूल एसबीआर धरणारा नियम) फुकटात नोंदवलेली. पुढच्याच वर्षी इथल्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. आम्ही घाबरून नोंदणी केली ती मात्र वहीत राहिली. म्हणून चिडलो होतो आणि अजूनही चिडलेलोच आहे. फॉर्म भरतोय, तोही मुलींसाठी, तुमच्या व्याख्यानामुळे नाही. नॅशव्हिलचा पत्ता अजून भाड्याच्या घराचा आहे, तो चालेल का?

ऑस्टिनकर

चालेल, रायफल खरोखर तिथेच राहणार असेल तर. पुढे घर घेतलंत आणि ते टेनेसीतच असलं तर नुसतं कळवा. तारखा जरा ऐसपैस टाका, मूव्हर्स दिलेल्या दिवशी येत नाहीत.