अकरा वर्षांच्या मुलीला १० मीटर एअर रायफल: आधी काय?

प्रश्न (दादर):
मुलगी ११ वर्षांची, अंगकाठी बारीक. वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर शिबिराला घालायचं आहे. रायफल आत्ताच घ्यावी का? की पिस्तूल बरं?

उत्तर १:
अजिबात घेऊ नका. पहिले सहा महिने रेंजचीच रायफल वापरा. स्पर्धेच्या (मॅच) रायफलचं वजन ५.५ किलोपर्यंत चालतं, ते बारीक मुलीला पेलत नाही. मग ती कंबर पुढे काढून मागे झुकते, पाठ धरते आणि ती सवय पुढे मोडत नाही. सुरुवातीला स्टँडवर टेकवून नेम धरू दे. पिस्तूल दीड किलोच्या आत असलं तरी एका हाताने धरायचं असतं, ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो. मनगट थरथरतं.

उत्तर २:
आधी डोळा तपासा. दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये छोटी फट ठेवून लांबच्या घड्याळाकडे बघायला सांगा, मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने घड्याळ फटीत राहतं, तोच नेमाचा. दुसरा मिटायचा नाही, चेहरा ताणला जातो. त्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे डोळा झाकणारी छोटी पट्टी, लावा.

उत्तर ३:
रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा, तेव्हा गुण विचारू नका, छर्रे एका जागी पडतात का ते बघा. गोळी सुटल्यावर दोन सेकंद गालही हलवायचा नाही. मुलं लगेच मान वर करून बघतात, तिथेच नेम बिघडतो. आणि ४.५ मिलिमीटरचे छर्रे शिशाचे असतात. डब्याआधी साबणाने हात!

प्रश्नकर्ती:
नळी रिकामी आहे हे दाखवायला त्यात घालतात तो सेफ्टी फ्लॅग स्वतःचा न्यावा लागतो का?

उत्तर १:
रेंजवर मिळतो, पण साधी स्वस्तातली दोरी समजा, बॅगेत एक असू द्या.