हेडफोनवर इलेक्ट्रिक गिटार, सोबत गाणं: सूर मागे का पडतो?

रात्रपाळी
भिंती पातळ, त्यामुळे रात्री दहानंतर सराव हेडफोनवरच. सामान असं: सिंगल कॉइलची (एकेरी गुंडाळीच्या पिकअपची) गिटार, २ इनपुटचा यूएसबी इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), विंडोजचा लॅपटॉप, त्यात अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर आणि ब्लूटूथ हेडफोन. ब्राउझरमध्ये गाणं लावून त्यावर वाजवायचं, एवढंच हवं आहे. अडचणी तीन. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि ठेका सुटतो. सॉफ्टवेअर उघडलं की ब्राउझरमधलं गाणं मुकं होतं. आणि गिटार फक्त डाव्या कानात ऐकू येते. हे सगळं सोडून छोटा हेडफोन अ‍ॅम्प घेणं बरं का?

सहावी तार
ब्लूटूथ हेडफोन आधी बाजूला ठेवा. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथसाठी आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० मात्रांच्या) गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 'सोळावा' सूर, १२५. म्हणजे तुमचा प्रत्येक सूर एका सोळाव्यापेक्षाही जास्त मागे. अशाने हात नकळत पुढे पळायला शिकतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

वायरचे हेडफोन इंटरफेसच्या हेडफोन जॅकला लावा, लॅपटॉपच्या नाही. आवाज ज्या पेटीतून आत जातो तिच्यातूनच बाहेर यायला हवा. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजच्या नेहमीच्या वाटेला वळसा घालून आवाज थेट इंटरफेसकडे नेणारा) निवडा, ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका खेपेला साठवायचे आवाजाचे नमुने) १२८. तेवढा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, जाताना-येताना आणि मधली रूपांतरं धरून एकूण साधारण १० मिलिसेकंद. अ‍ॅम्पपासून ३ मीटरवर उभं राहिलं तरी हवेतून आवाज यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे हाताला ते जाणवत नाही. चटचट आवाज आला तर बफर २५६ करा, वायफाय बंद करा, लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमधून बाहेर काढा.

एका कानाचं कारण सोपं आहे. गिटार मोनो आहे, पण सॉफ्टवेअरने इनपुट १-२ ही जोडी स्टिरिओ म्हणून घेतली आहे. तिथे फक्त 'इनपुट १' मोनो निवडा. इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' बटणही बंद करा, नाहीतर कोरडी गिटार आणि अ‍ॅम्पमधून आलेली गिटार एकावर एक ऐकू येतात आणि सगळं पोकळ वाटतं.

खर्ज
गाणं मुकं होण्याबद्दल. काही ड्रायव्हर, विशेषतः एएसआयओ४ऑलसारखे सर्वांसाठीचे, साउंड कार्ड स्वतःकडेच धरून ठेवतात, मग ब्राउझरला जागा उरत नाही. भांडत बसू नका. गाण्याची फाइल रीपरसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर टाका, दुसऱ्या ट्रॅकवर गिटार. नेमक्या ४ मात्रा निवडून फिरवत ठेवता येतात, वेग ७० टक्क्यांवर आणून ५-५ने वाढवता येतो आणि पट्टी तीच राहते. ब्राउझरमध्ये हे एवढ्या नेमकेपणाने जमत नाही.

इनपुटचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) लावताना सर्वांत जोरात कॉर्ड मारा. मीटर -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. इंटरफेसवरचा 'इन्स्ट्रुमेंट' स्विच दाबलेला हवा. पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) पुढे १ मेगाओहमच्या आसपास रोध लागतो. लाइन किंवा माइक इनपुटमध्ये तो खूप कमी असतो, आणि वरच्या तारांची धार मरते. पुष्कळजण तेव्हा तारा बदलतात आणि दोष तसाच राहतो.

दुसरी पट्टी
हेडफोन अ‍ॅम्पचं विचारलंत म्हणून. फेंडरचा मस्टँग मायक्रो, बॉसचा कटाना गो, नक्सचा माइटी प्लग, हे थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतात आणि फोनवरचं गाणं ब्लूटूथने घेतात. इथे ब्लूटूथ चालतं, कारण उशीर फक्त गाण्याला होतो आणि तुम्ही जे ऐकता त्यावरच वाजवता. गिटारपासून कानापर्यंत मात्र वायरच हवी. रोज अर्धा तास पटकन बसायचं असेल तर माझं मत यालाच. लॅपटॉप उघडून सेटिंग जुळवण्यात सरावाचा उत्साह निघून जातो. पण एकच ओळ शंभरदा घासायची असेल तर खर्ज म्हणतात तेच बरोबर.

डिस्टॉर्शन लावल्यावर मधमाश्यांसारखी भणभण आली तर कॅबिनेट सिम्युलेशन (अ‍ॅम्पच्या स्पीकरची नक्कल) बंद असणार. गिटारच्या अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळतो; हेडफोन काहीच गाळत नाही.

आवाजाचा क्रमही पाळा. आधी गाणं हळू लावा, मग गिटार त्याच्या जेमतेम वर आणा. गिटार दबली तर गाणं कमी करा, गिटार वाढवू नका. ८५ डेसिबलला ८ तास ही अमेरिकेच्या नायोश संस्थेची मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९१ला फक्त २ तास. बंद हेडफोनमध्ये तिथवर कधी पोचलो ते कळतही नाही.

रात्रपाळी
वायरचे हेडफोन लावले, उशीर गेला, दोन्ही कानांत गिटार आली. मनापासून आभार. आता दोन गोष्टी उरल्या. चार्जर लावला की घुंss असा आवाज येतो. आणि ट्यूनर बरोबर दाखवत असूनही काही गाण्यांवर प्रत्येक सूर बेसूर लागतो.

खर्ज
चार्जर काढल्यावर घुंकार गेला तर प्रश्न अर्थिंगचा आहे. दोन पिनांचा चार्जर असेल तर तीन पिनांचा, आणि अर्थिंग खरोखर असलेलं सॉकेट वापरा. तोवर बॅटरीवर वाजवा. थोडा उरलाच तर तो सिंगल कॉइलचा ५० हर्ट्झचा. लॅपटॉपपासून दोन हात लांब बसा आणि गिटार हळूहळू वळवत न्या. एका कोनात तो जवळपास नाहीसा होतो.

सहावी तार
सगळेच सूर सारखे बेसूर, म्हणजे गाण्याची पट्टी वेगळी. पुष्कळ रॉक रेकॉर्डिंगमध्ये गिटार अर्धा सूर उतरवलेली असते, तर जुन्या टेपवरची गाणी ४४०च्या (ए सुराच्या ठरलेल्या ४४० हर्ट्झच्या) थोडी वरखाली असतात. तारा उतरवत बसू नका. सैल तारा पडद्यांवर खडखडतात. रीपरमध्ये गाण्याच्या क्लिपची पट्टी अर्धा सूर वर न्या. जुन्या गाण्यासाठी आधी खालची मोकळी ई तार गाण्यातल्या ई सुराशी ताडून पाहा, मग क्लिपची पट्टी १०-१० सेंटने (अर्ध्या सुराचे १०० सेंट) सरकवा. दोन गिटारांचे सूर एकमेकांवर लाटेसारखे हलत असतात, ती लाट संथ होत होत थांबली की जुळलं.